सहा रोपं

गांजाला मोकळीक देणारा कायदा आल्यापासून पोरं बिघडली का, हे विचारायला दर दोन वर्षांनी राजधानीहून कुणीतरी आमच्या शाळेत येतं. पाठीवर पिशवी, हातात प्रश्नांच्या कागदांचा गठ्ठा. वर्गावर्गांत कागद वाटायचे, नाव लिहायचं नाही, खरं तेच लिहायचं. मुलं जांभया देत खुणा करतात. मग तो माणूस माझ्या खोलीत येऊन बसतो, कारण हजेरी, शिस्त आणि पालकांची रड ही तिन्ही कामं पस्तीस वर्षं माझ्या गळ्यात आहेत. मी त्याला माते पाजते, भोपळ्याच्या वाटीतला आमचा कडू हिरवा काढा, आणि सांगते की पोरं होती तितकीच बिघडलेली आहेत, मोठी माणसं मात्र निवांत झाली आहेत. तो हसतो. त्याला वाटतं म्हातारी विनोदी आहे.

पूर्वी पोरं नदीच्या पुलाखाली लपून गांजा ओढायची. पकडलं की चेहरा पांढराफटक, आणि आईच्या शपथा. आता पुलाखाली कुत्रंही नसतं. ओढणारे ओढतात अजून, नाही असं नाही. शनिवारी मैदानामागे जमतात. पण नव्याचे नऊ दिवस कधीच संपले. ज्या वस्तूसाठी स्वतःचा बाप शहरातल्या औषधाच्या दुकानात रांगेत उभा राहून ओळख पटवायला यंत्रावर अंगठा टेकवतो आणि पुढच्या माणसाशी कंबरदुखीच्या गप्पा मारतो, ती वस्तू ओढण्यात कसली आली मर्दुमकी? एका मुलीने मला तोंडावर सांगितलं होतं की बाई, ते आजोबा लोकांचं काम आहे.

तर सांगायचं आहे ते नाहीर तेचेराबद्दल.

नाहीर शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. वय सतरा, गणितात पहिली, बोलणं मोजकं. आमच्या जिल्ह्याचं राजधानीत, मोंतेव्हिदेओत, एक वसतिगृह आहे. तिथे आमच्या गावच्या वाट्याला दोन जागा येतात आणि त्या फक्त शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच मिळतात. ती संधी गेली की गेली. मग मुली भाताच्या गिरणीच्या खानावळीत ताटं धुतात नाहीतर लग्न करतात. अर्जासोबत माझं अर्धं पान जातं, मुलाच्या वागणुकीबद्दल. त्या अर्ध्या पानाला फार किंमत आहे, हे मला ठाऊक आहे आणि मुलांनाही. त्या वर्षी ते पान एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी द्यायचं होतं.

आणि एप्रिल लागल्यापासून, आमच्याकडे तेव्हा थंडी सुरू होते, ही पोरगी रोज उशिरा. पहिल्या तासाला डोकं बाकावर. तिच्या कोटाला असा वास, की ती जिना चढली की खालच्या मजल्यावर कळायचं. शिक्षकांच्या खोलीत तिच्याबद्दल कुजबुज सुरू झाली, आणि मुख्याध्यापिका इव्होन पिंतोसने मला बोलावून सांगितलं की नशेडी मुलीला जागा देऊन गावाचं नाव घालवायचं नाही. इव्होन वाईट बाई नाही. तिला फक्त कुठल्याही कागदावर डाग नको असतो.

मी नाहीरला सोमवारी खोलीत बोलावलं. वाटी भरून तिच्या हातात दिली. बोटांची टोकं काळी होती, नखांच्या कडांना डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं. गणिताच्या वहीवर तेलाचे डाग. मी मनात म्हटलं, झालं, आता आरसा कशाला हवा.

"ओढतेस का?" मी सरळ विचारलं.

"नाही, बाई."

"मग हा वास?"

"वासाचं काय घेऊन बसलात, बाई. या दिवसांत निम्म्या गावाला येतो."

तिने वाटी परत दिली आणि आभार मानले. आमच्याकडे मातेची वाटी परत करताना आभार मानले की त्याचा अर्थ पुरे, आणखी नको. पहिल्याच वाटीला आभार मानणं म्हणजे उठून दार लावून जाणं. ती उठून गेलीच. मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा दमणूक जास्त होती. इतकी वर्षं मी हेच चेहरे बघते आहे, हीच खोटी उत्तरं ऐकते आहे, आणि ती खोटी आहेत हे मला बसल्या जागी कळतं असा माझा समज होता.

हा समज मला एकदा फार महागात पडला आहे. माझा मुलगा फाब्रिसियो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा मला अंगणात, पाण्याच्या टाकीमागे, गांजाची दोन रोपं सापडली. कायदा यायला अजून नऊ वर्षं होती. गावातल्या सगळ्या पोरांना शिस्त लावणारी बाई मी, माझ्याच घरात हे चालतं म्हणजे काय? मी स्वतः चौकीवर जाऊन सांगितलं. वाटलं होतं, एक दिवस ठेवतील, कान उपटतील, घरी पाठवतील. त्यांनी चार महिने ठेवलं. सुटल्यावर तो स्पेनला गेला, तो गेलाच. नाताळला फोन करतो, वाढदिवसाला करतो, कधीमधी एखाद्या रविवारी. पुढे रेडिओवर बातमी आली की आता मोठ्या माणसाला नोंदणी करून घरी सहा रोपं लावता येतील, तेव्हा मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले. दुसरं काय करणार.

म्हणून या वेळी लिहिण्याआधी घरी जाऊन बघायचं ठरवलं. बुधवारी दुपारी नाहीरच्या घरी गेले.

तिच्या बापाचं नाव वॉशिंग्टन. त्या शहराशी त्याचा काही संबंध नाही, आमच्याकडे लोकांना अशी नावं ठेवायची हौस आहे. तोही माझ्याच हाताखालून गेलेला. शौचालयामागे सिगरेट ओढताना मी त्याला तीनदा पकडला होता. पुढे गिरणीत लागला आणि पाच वर्षांपूर्वी यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेला. तीन बोटं तुटली आणि उरलेली दोन नावाला राहिली. तेव्हापासून तो हात खिशात. मिठी मारतानाही बाहेर काढत नाही.

"काय बाई, चौथ्यांदा पकडायला आलात?" तो दारातच म्हणाला. मग माझ्या नाकाकडे बघून घाईघाईने म्हणाला, "कागद आहेत माझ्याकडे. नोंदणी आहे. सहाच आहेत, हवं तर मोजा."

"मला मोजायचं नाही," मी म्हणाले.

रोपं अंगणात नव्हतीच. कापून झाली होती. घरातली सगळ्यात कोरडी खोली नाहीरची, कारण चुलीचं धुराडं तिथून जातं. तिथे तिच्या पलंगावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधली होती आणि फांद्या उलट्या टांगल्या होत्या. तिचा शाळेचा कोट त्याच खोलीतल्या खिळ्याला. दोन रोपांचं काम झालेलं दिसत होतं, चार बाकी होती. आमच्याकडे चहूबाजूंनी भातशेती, हवेत सदा ओल. फांद्यांची पानं वेळेवर छाटून कळ्या मोकळ्या केल्या नाहीत तर बुरशी धरते आणि वर्षाचं पीक फेकून द्यावं लागतं. एवढं आता गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

छाटतं कोण, हे मी विचारलं. वॉशिंग्टन खिशाकडे बघत राहिला.

तेवढ्यात नाहीर शाळेतून आली. मला बघून थबकली. कात्री घेतली, तेलाची वाटी घेतली आणि टेबलाशी बसली. या रोपाचा चीक फार चिकट असतो. दर थोड्या वेळाने कात्रीची पाती आणि बोटं जखडतात. ती पाती तेलात बुडवायची, फडक्याने पुसायची, पुन्हा कापायची. भराभर चालला होता हात. तिच्या त्या काळ्या बोटांकडे मी बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी.

पहाटे चारला उठते, असं मी विचारल्यावर तिने सांगितलं. साडेसातची बस सुटून जाईपर्यंत छाटते. मग शाळा, मग घरचं, मग पुन्हा हेच. शेजारपाजारच्या कुणाला का बोलवत नाहीस, असं म्हटल्यावर ती म्हणाली की बाबांना हात दाखवायची लाज वाटते, ते कुणाला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. मला येऊ दिलं ते मी त्यांची शाळेतली बाई म्हणून.

"आणि तेल कशाला?" मी विचारलं. "स्पिरिटने एका पुसण्यात निघतं." हे मला ठाऊक होतं. टाकीमागची रोपं उपटल्यावर मी हात स्पिरिटनेच धुतले होते.

वॉशिंग्टन उठला, कुत्र्याला पाणी ठेवतो म्हणाला आणि बाहेर गेला. तो अंगणात पोहोचेपर्यंत नाहीर थांबली.

"घरात स्पिरिट ठेवत नाही, बाई," ती म्हणाली. "सेंटही नाही."

मग तिने सांगितलं, कापता कापता, मान खाली घालून. हात गेल्यावर नसलेली बोटं दुखायची. गोळ्यांनी भागेना, म्हणून दारू. आधी दुकानातली, मग मिळेल ती. एकदा जखमेसाठी आणलेली स्पिरिटची बाटली प्याला आणि दवाखान्यात नऊ दिवस पडला. आई बहिणीकडे निघून गेली ती आलीच नाही. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीच रोपांचं सुचवलं. दोन वर्षं झाली, थेंब नाही. संध्याकाळी थोडं ओढतो, दुखणं उतरतं, झोपतो. गावात औषधाच्या दुकानात मिळत नाही, जिथे मिळतं ते शहर दोन तासांवर, आणि घरी लावायची नोंदणी केली की दुकानातून घेता येत नाही. दोन्हींतलं एकच.

"मग हेच लिहिते मी," मी म्हणाले. "सगळं सरळ आहे. तुझी चूक काय यात?"

"मी सतराची आहे, बाई." तिने कात्री खाली ठेवली. "माझ्या वयाच्या मुलीने याला हात लावायचा नसतो. तुम्ही लिहिलंत की नोंदणी जाणार. रोपं घेऊन जातील. मग काय होईल ते मला माहीत आहे."

"मग काय लिहू?"

"लिहा, मी ओढते म्हणून. सगळे म्हणतातच आहेत."

"जागा जाईल."

"जाऊ दे. गिरणीच्या खानावळीत माणूस हवंच आहे."

ती हे रडत म्हणाली नाही. घरातली कामं वाटून घ्यावीत तसं म्हणाली. पस्तीस वर्षं मुलांनी माझ्यासमोर शपथा घेतल्या, बाई, मी नाही ओढली, आईशप्पथ. मी ओढते असं लिहा म्हणून विनवणारं हे पहिलंच लेकरू. राजधानीहून येणाऱ्या त्या माणसाच्या कागदावर यासाठी चौकट नाही.

मी बसले. कोटही न काढता खुर्ची ओढली आणि दुसरी कात्री मागितली.

नाहीरने नको म्हटलं. मी तिला वरच्या आवाजात झोपायला जायला सांगितलं. तो आवाज अजून चालतो माझा. ती त्या टांगलेल्या फांद्यांखाली जाऊन जी झोपली ती संध्याकाळी उठली. वॉशिंग्टन परत आला आणि मला कात्रीसकट बघून दारातच उभा राहिला. जरा वेळाने समोर बसला. त्याने दुखरा हात खिशातून काढला नाही, डाव्याने फांद्या मात्र माझ्यापुढे सारत राहिला.

"बाई, पानांबरोबर कळ्याही उडवताय तुम्ही," तो म्हणाला.

"तू गप. तीन वर्षं नापास होत होतास."

"दोन," तो म्हणाला.

गुरुवारीही दुपारभर बसले. शुक्रवारी सकाळी अर्धं पान लिहिलं. ही विद्यार्थिनी उशिरा येते व वर्गात पेंगते ते अपंग वडिलांची सेवा एकटीने करावी लागत असल्यामुळे. मी स्वतः घरी जाऊन खात्री केली आहे. वागणुकीबद्दल तक्रार नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायचं होतं ते पुढे होतं, आणि तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

इव्होनने पान दोनदा वाचलं. नाहीर बाहेर बाकावर बसली होती, दार अर्धवट उघडं होतं.

"आणि वास?" इव्होन म्हणाली.

"कुठला?"

"डेल्मा, आत्ता या खोलीत येतोय."

माझ्या अंगावर बुधवारचाच कोट होता. माझ्याकडे थंडीचा एकच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"तो माझा आहे," मी म्हणाले. "गुडघ्यांसाठी घेते. बरेच दिवस झाले."

इव्होन बघत राहिली. पस्तीस वर्षांची शिस्त तिच्या डोळ्यांदेखत खाली आली असणार. "पण त्या मुलीच्या कोटाला?"

"उशिरा आली की माझ्याच खोलीत बसवते ना मी तिला. लागला असेल."

तिने पान पुन्हा उचललं. तोच वास सतरा वर्षांच्या अंगाला आला तर गुन्हा, आणि एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना आला तर औषध. माझ्या वयाच्या बाईला या देशात कुणी काही विचारत नाही. इव्होनने सही केली, शिक्का मारला आणि खिडकी उघडली.

मी बाहेर आले तेव्हा नाहीर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याबरोबर खोलीत आली, समोर बसली. मी वाटी भरून दिली, तिने पिऊन परत दिली. पुन्हा भरली, पुन्हा प्याली. थर्मासमधलं पाणी संपेपर्यंत आम्ही दोघी बसलो. तिने आभार मानले नाहीत.

बातमी शाळाभर व्हायला एक मधली सुट्टी पुरली. मी जिना चढताना मुलं मुद्दाम बाजूला होऊन वाट देतात. शेवटच्या वर्षाच्या पोरींनी विचारलं की बाई, हल्ली फार भूक लागते का हो. मी म्हटलं, लागते, अभ्यास करा. गंमत अशी की त्यानंतर मैदानामागची गर्दीही जरा पांगली. डेल्माबाई ओढते म्हटल्यावर त्या वस्तूची उरलीसुरली इभ्रतही गेली असणार. सरकारने एवढे कागद छापले, त्यापेक्षा माझ्या कोटाने जास्त काम केलं.

जूनमध्ये यादी लागली. नाहीरला जागा मिळाली. डिसेंबरात आमचं शाळेचं वर्ष संपलं आणि पुढल्या मार्चमध्ये ती बसने मोंतेव्हिदेओला गेली. वॉशिंग्टन थांब्यावर आला होता, हात खिशातच. बस सुटताना तिने खिडकीतून बापाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. एप्रिलमध्ये कोण छाटणार, हे तिने विचारलं नाही. विचारायला नकोच होतं.

एप्रिल आला. मी शाळा सुटल्यावर तिकडे जाते. वॉशिंग्टन आता उजवा हात टेबलावर ठेवतो, उरलेल्या दोन बोटांनी फांदीचं टोक धरून देतो. मी कापते. तेलाची वाटी मध्ये असते. बोटं काळी होतात, ती शाळेतही काळीच असतात.

गेल्या रविवारी मी तिथेच होते तेव्हा फाब्रिसियोचा फोन आला. वाढदिवस नव्हता, नाताळ नव्हता. काय करतेस, असं त्याने सहज विचारलं. मी सांगू शकले असते की भाजी चिरते आहे. फोन खांद्याने कानाशी धरला होता, हातात कात्री होती. एका जुन्या विद्यार्थ्याची रोपं छाटते आहे, असं मी म्हणाले. कसली ते त्याने विचारलं नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे काय छाटतात ते त्याला माहीत आहे.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"सहा."

वॉशिंग्टन कुत्र्याला पाणी ठेवायला उठला.

"माझी दोनच होती, आई."

"हो," मी म्हणाले. "चौकीवर मीच मोजून सांगितली होती."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.